फणसाच्या सावलीतली स्ट्रॉबेरी

कोळवण
शुक्रवार, दुपार

प्रिय पल्लवी,

सप्रेम जय भीम. कालच फोनवर बोललो आणि आज हातात पत्र, म्हणजे तू दचकली असशील. घरात कुणाला काही झालेलं नाही, आधी तेवढं वाचून घे. आपलं घर दोन खोल्यांचं, फोन अभयच्या उशाशी. त्याच्या कानावर जाऊ नये असं काही मी या घरात बोलूच शकत नाही. म्हणून आज गुडघ्याचं निमित्त केलं आणि त्याला एकट्यालाच डायलिसिसच्या गाडीत बसवून दिलं. असं मी आजवर कधी केलं नव्हतं. गाडी वळणाआड गेली तरी ओट्यावर उभीच होते. तो दिवेलागणीला येईल, तोवर लिहून संपवायचं आहे. गावातली हेमलता उद्या सकाळच्या एसटीने हिंजवडीला कामावर जायची आहे, तिच्याकडे देते. तू खोलीवर एकटी असताना वाच. सायली आता अक्षरं जुळवून वाचायला लागली आहे, तिच्या हाती लागू देऊ नकोस.

तू येतेस तेव्हा अभय दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसलेला असतो. लेकीला मांडीवर घेतो, तिच्या शाळेतल्या गोष्टी ऐकतो, तुझ्याशी ड्युटीचं बोलतो. तू म्हणतेस, आई, आता चेहऱ्यावर जरा तेज आलंय. तुमची एसटी सुटली की तो शर्ट काढून खुंटीला लावतो आणि भिंतीकडे तोंड करून पडतो, ते तुला दिसत नाही. मी रोज सकाळी त्याचं वजन मांडून ठेवते, दिवसभराचं पाणी मोजून देते. आकडे बरे असतात. डॉक्टरही म्हणतात, चाललंय ते ठीक आहे. पण माणसाचं मनच उठलं तर ते कुठल्या रकान्यात मांडायचं? पल्लवी, अभयला आता डायलिसिस नको आहे. कंटाळून म्हणतो तसं नव्हे, त्याने ठरवलं आहे. डायलिसिस थांबलं की काय होतं ते तुला माहीत आहे. एवढं एक वाक्य तुला सांगायला मला किती दिवस लागले, ते माझं मला माहीत.

स्ट्रॉबेरीचं तुला वरवर ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगते, कारण सगळं तिथेच येऊन अडलंय. आहाराच्या बाईंनी यादी दिली तेव्हा केळं गेलं, संत्रं गेलं, शहाळं गेलं आणि आपल्या दारचा फणससुद्धा गेला. राहिलं काय, तर सफरचंदाची फोड, थोडं अननस आणि चार-दोन स्ट्रॉबेरी. अभय तेव्हा हसला होता. म्हणाला, आजार आपला आणि फळं बंगलेवाल्यांची. त्याच्या शेजारच्या खाटेवर वाईकडचा जालिंदर असायचा, पुण्यात बहिणीकडे राहून डायलिसिस घ्यायचा. त्याच्या भावाची घरची स्ट्रॉबेरी. त्याने ओल्या गोणपाटात गुंडाळून रोपांची एक जुडी आणून दिली. धम्मचक्र दिनाची वंदना करून आले आणि त्याच दुपारी मी ती लावली. लावली म्हणजे कशी, तर भात लावतात तशी. जन्मभर या खाचरांत अंगठ्याने रोप चिखलात दाबत आलेले हात, त्यांना दुसरं काय येणार? वाफ्यात चिखल केला आणि एकेक रोप खोल बसवलं. आठवडा झाला नाही तर निम्मी कुजली. जालिंदरला सांगितलं तर सुई लावलेला हात हलू नये म्हणून दुसऱ्या हाताने तो दाबून धरला आणि पोट धरल्यासारखा हसला. म्हणाला, काकू, नवं पान जिथनं येतं तो गाभा उघडा पाहिजे, तिथं माती गेली की संपलं. मग राहिलेली रोपं मी उकरून वर घेतली आणि खाली भाताचा पेंढा अंथरला. फळ मातीला टेकू नये म्हणून.

जागा तर अशी की कुणी शहाण्याने तिथे फळझाड लावू नये. पूर्वेला फणस, पश्चिमेला शेजारच्या बंगल्याची उंच भिंत. ऊन फणसाच्या शेंड्यावरून खाली उतरायला सकाळ सरते आणि जेवणं होतात न होतात तोच भिंतीची सावली पडते. अभयने वाफ्यात काड्या रोवून ऊन कुठून कुठे सरकतं ते बघितलं आणि रोपं त्या पट्ट्यात हलवली. मग बंगल्याच्या राखणदाराला विचारून त्या भिंतीला आपल्या अंगाने चुना मारला. ऊन पांढऱ्या भिंतीवर आपटून वाफ्यात परत यावं म्हणून. जरा हात चालवला की खाली बसायचा, परत उठायचा, पण मला काही कुंचा देईना. मी पण माझ्या परीने करत होते. त्याच्या भाज्या उकळून पाणी फेकून द्यावं लागतं, त्यात उतरतं ते त्याच्या रक्ताला चालत नाही. ते पाणी मोरीत ओतताना माझा जीव तुटायचा. ते गार करून मी रोपांना घालू लागले. त्याला जे विष ते त्यांना खत. पानं अशी तरारली की बघत राहावं. शेजारची तुकाबाई शेळ्या घेऊन जाताना कुंपणाशी थांबायची आणि म्हणायची, अनुसयाबाई, पालाच पिकवायचा असंल तर माज्या शेळ्यांला तरी घाला. अभय घरातून ओरडायचा, तुकामावशी, फळ आलं की तुला वासपण देत न्हाई. तेव्हा हे असं चाललेलं होतं घरात. हसणं होतं.

मग थंडी पडली आणि जालिंदर यायचा बंद झाला. वाटलं, गावी गेला असेल. एक दिवस त्याची बहीण हॉस्पिटलात कागद न्यायला आली, तिने सांगितलं. त्याने आपण होऊनच डायलिसिस थांबवलं. घरी गेला, भावाच्या रानात खाट टाकायला लावली आणि थोड्या दिवसांत गेला. परतताना गाडीत मी पदर तोंडाला लावून रडत होते आणि अभय खिडकीबाहेर बघत होता. पौडच्या स्टँडपाशी गाडी थांबली तेव्हा एकच शब्द बोलला, "सुटला." मला वाटलं, मित्राचं दुःख आहे, बोलू दे. घरी आल्यावर मी त्याला भाकरी वाढली, तर ताट बाजूला सारून म्हणाला, "आई, मला बी आता बास झालं. झाडाला फळ येऊ दे. आपल्या दारचं फळ सायलीला माझ्या हातानं चारतो. तवर जातो गाडीनं. मग मला कुणी बसवायचं न्हाई."

मी खूप बोलले. तुझे सासरे असते तर त्यांनी एक मुस्काटात दिली असती आणि गळ्यात पडून रडले असते, मला दोन्ही जमलं नाही. म्हटलं, अरे यादीत नाव आहे, आज ना उद्या किडनी मिळेल. तो म्हणाला, तुझी साखरेच्या आजारानं घेतली न्हाई, पल्लवीची जुळली न्हाई, आता कुणाच्या तरी मरणाची वाट बघत बसू का? आणि मग जे म्हणाला ते तुला सांगावं की नाही याचा मी फार विचार केला. म्हणाला, "मशीन मला एकट्याला लावलेलं न्हाई, तिला बी लावलंय. मी उठलो तर ती उठंल." तुझे हात वाळत चाललेत, तू रात्रपाळीहून आलीस की उभ्या उभ्या चहा पितेस, सायलीच्या वहीवर डोकं टेकून झोपतेस, हे सगळं तो बघत असतो. तुला यातलं काही कळलं तर त्याच दिवशी डायलिसिस थांबवेन असं म्हणाला, आणि माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. तो शब्द मी आत्ता मोडते आहे. डॉक्टरीणबाईंच्या कानावर मी हळूच घातलं होतं. त्यांनी त्याला समजावणाऱ्या ताईंकडे पाठवलं. तिथे तो इतका गोड बोलला की त्या ताईंनी मलाच सांगितलं, काळजी करू नका.

आता माझं सांगते. जालिंदरनेच शिकवलं होतं की पहिली फुलं खुडून टाकायची, म्हणजे रोप आधी मूळ धरतं. ती आम्ही दोघांनी मिळून खुडली होती. त्यानंतर दुसरा बहर आला तो अभयच्या त्या बोलण्यानंतर. पांढरी, पाच पाकळ्यांची, मध्ये पिवळी, पानांखाली मान घालून असतात. अभय उकिडवा बसून फुलं बघत होता आणि मी दारातून त्याचा चेहरा बघत होते. दुसऱ्या दिवशी तो उठायच्या आत मी वाफ्यात गेले आणि एक फूल नखाने तोडलं. आवाजसुद्धा होत नाही. मग सगळीच तोडली. त्या दिवसापासून रोज सकाळी हेच करते आहे. आधी त्याच्या डाव्या हाताला जिथे डायलिसिससाठी शीर जोडली आहे तिथे हलकेच बोटं लावते, आत रक्ताची घरघर लागते. ती लागली की मग बाहेर पडते आणि फुलं खुडते. ती तथागतांपुढे ठेवायची मला हिंमत होत नाही, म्हणून चुलीच्या राखेत पुरते. मग हात धुऊन वंदनेला बसते आणि पंचशील म्हणताना चौथ्यापाशी, खोटं न बोलण्याच्या शीलापाशी, माझी जीभ जड होते. तरी म्हणते. म्हणून उठते आणि अभयने विचारलं की सांगते, सावलीत पाला येतो रे, फळ नाही येत. सगळा दोष मी त्या सावलीवर घातला आहे.

एकदा त्याला तुटके देठ दिसले. तो तुकाबाईच्या शेळीवर घसरला, कुंपणाशी जाऊन नको नको ते बोलला. तुकाबाई कशी आहे ते तुला माहीत आहे, एका शब्दाला चार देणारी. मला वाटलं आता संपलं, कारण सकाळी ती शेळ्यांना पाणी दाखवते तेव्हा माझं वाकलेलं डोकं तिला कुंपणावरून नक्की दिसत असणार. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "व्हय बाबा, माजीच शेळी. लई द्वाड हाय. बांधून घालते आजपासून." आणि खरंच तिने ती शेळी बांधली, दिवसभर ती बिचारी ओरडत होती. दुपारी मी डोळे पुसत तिच्या दारात गेले, तर तिने मला बसायलाही सांगितलं नाही. म्हणाली, मी काय इचारत न्हाई, तुमी काय सांगू नका, जावा, पोराला बघा.

त्यानंतर त्याने फणसाची फांदी तोडायचा धोशा लावला. ऊन वाढवलं की फळ येईल म्हणायचा. मी म्हटलं, झाडाला कोवळ्या फणसांच्या एवढाल्या कुवऱ्या लागल्यात, लेकुरवाळ्या झाडाला कोयता लावू देणार नाही. तो म्हणाला, माणसापरीस झाड मोठं झालं का तुला? काय सांगू पल्लवी, मी त्या फांदीला मनातल्या मनात हात जोडत होते की तुझी सावली हटू देऊ नकोस. चांगलं ऊन मिळालं असतं तर माझ्या नखांना ती झाडं आटोपली नसती. आयुष्यभर धान्याचा दाणा वाया जाऊ दिला नाही मी, जेवताना शीत सांडलं तर उचलून खाल्लं. आणि आता रोज ओंजळभर फळ राखेत घालते आहे आणि पोराच्या हातून कुंचा, कुदळ, पाण्याचा तांब्या चाललेला बघते आहे. तो मनापासून राबतो. ज्यासाठी राबतो ते येऊ नये म्हणून मी त्याच्या मागे फिरते.

पण झाडाला तरी किती दिवस फसवायचं? भिंतीकडच्या अंगाला, एका मोठ्या पानाखाली एक देठ मला दिसलाच नाही. त्या चुन्याच्या उजेडाने तो पोसला असणार. मंगळवारी पेंढा सारखा करताना अभयच्या हाताला लागला. त्याने हाक मारली, आई, हितं ये. गेले तर बोराएवढं एक फळ, एका अंगाने पांढरट आणि दुसरीकडून लाली धरलेलं. मागे अजून दोन हिरवी. त्याने ते तोडलं नाही, नुसतं तळहातावर घेऊन बसून राहिला, जसा सायली झाली तेव्हा बसला होता. त्या दिवशी तो पोटभर जेवला. तुला फोन केला, रविवारी सायलीला घेऊन ये म्हणाला. नंतर तू मला म्हणालीस, आई, किती दिवसांनी हसला हो. मी हो म्हटलं. मला दुसरं काय म्हणता येणार होतं? बुधवारी गाडीतून उतरताना त्याने ड्रायव्हरला हळूच सांगितलं, सोमवारपासून येऊ नका. तो भला माणूस, त्याला वाटलं जवळचं हॉस्पिटल मिळालं, म्हणून मला शुभेच्छा द्यायला थांबला. मी त्याला म्हटलं, या तुम्ही, नेहमीसारखे या, हॉर्न वाजवा.

काल सकाळी मी ते फळ तोडायला गेले होते. बोटांत धरलं, आणि सोडून दिलं. ते नाहीसं झालं तर या वेळी तो शेळीकडे बघणार नाही, माझ्याकडे बघेल. आणि मग फळ येईपर्यंत गाडीने जायचा त्याने मला दिलेला शब्दही त्याच क्षणी सुटेल. रविवारपर्यंत ते लाल होणार. माझ्याकडे आता करण्यासारखं काही उरलेलं नाही.

म्हणून तुला लिहिते. पल्लवी, या रविवारी सायलीला आणू नकोस. तूही येऊ नकोस. तिला ताप आहे म्हण. तापाचं मूल त्याच्याजवळ न्यायचं नाही असं डॉक्टरांनीच बजावलंय, त्यामुळे तो हट्ट करणार नाही. लेक आणि बाप यांच्या मध्ये मी उभी राहते आहे, हे मला कळतं. तो इस्त्रीचा शर्ट घालून बसेल, ते मी बघेन, तुला बघावं लागणार नाही. फळ मऊ पडेल, त्याला मुंग्या लागतील, आणि तो मागच्या हिरव्याची वाट बघायला लागेल, आणि सोमवारी गाडीत बसेल. तेवढंच मला पाहिजे. उन्हाळा लागला की झाडं करपतील, तेव्हा काय करायचं ते मला माहीत नाही, मी फक्त एक सोमवार मागते आहे. तू त्याची बायको आहेस. हे बरोबर नाही असं तुला वाटलं, त्याला सुटू द्यावं असं वाटलं, तर तो तुझा हक्क आहे, मग रविवारी लेकीला घेऊन ये, मी तुला एका शब्दाने बोलणार नाही. पण येणार नसलीस तर रविवारी सकाळी लवकर फोन कर, आणि बोलताना रडू नकोस. तुझा आवाज त्याला लगेच कळतो.

तुझीच,
आई